कोकबेलला कळवायच्या गोष्टी

४ डिसेंबर

वायरलेसवर जे सांगता येत नाही ते आजपासून इथे लिहायचं ठरवलं आहे. नाहीतर ते मनात साठत जातं आणि मग एने विचारतात, "काय गं, ओठ का शिवलेत?" एने म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना खरं उत्तर देता येत नाही आणि खोटं त्यांना लगेच कळतं.

वायरलेसवर बोलायचं काम माझ्याच गळ्यात पडलं आहे. अता, म्हणजे माझे सासरे, दरवर्षीसारखे घोडे घेऊन वर कोकबेलला गेलेत. तिथे वारा बर्फ साचू देत नाही, घोडे खुरांनी उकरून गवत खातात आणि वसंतापर्यंत तग धरतात. अतांजवळ एक वायरलेस असतो, घरी दुसरा. त्यांच्या वायरलेसचं बोलायचं बटन ऑक्टोबरातच मोडलं. ऐकू येतं, बोलता येत नाही. माझा नवरा एर्मेक रशियात, कझानला, कामावर परत जाईपर्यंत त्यांच्या मागे लागला होता, "अता, एवढं दुरुस्त करून घ्या." अता म्हणाले, "राहू दे रे. तुझ्या आईपुढे मला एरवी तरी कुठं बोलता येतं?"

तर रोज संध्याकाळी मी बोलायचं आणि वर अतांनी ऐकायचं. ते खरंच ऐकतात का, हे कळायला मार्ग नव्हता. आज शार्शेन खाली आला. तो वर अतांच्या जोडीला असतो, पण दाढ अशी सुजली आहे की एक डोळा मिटलाय. एनेंनी त्याला चहा दिला आणि जणू सहजच विचारलं, "म्हाताऱ्याला ऐकू येतं का काही?"

"ऐकू येतं म्हणजे काय! संध्याकाळ झाली की वायरलेस उशीवर ठेवतो आणि त्याच्यापुढे चहाची वाटी ठेवतो, पाहुणा आल्यासारखी. तुमचा बोका दुधाच्या बादलीत पडला त्या दिवशी एवढ्यानं हसला, की घोडे बुजले."

एनेंनी चुलीत गोवरी घातली. आत्ताच एक घातली होती, तरी घातली.

९ डिसेंबर

एने स्वतः कधीच बोलत नाहीत. "सगळं खोरं कान लावून बसतं. मी काय गावासमोर नवऱ्याशी गुजगोष्टी करू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. खोटं नाही ते. खोऱ्यात ज्यांच्याकडे वायरलेस आहे ते सगळे एकाच ठिकाणी लावतात, एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं.

म्हणून त्या चुलीशी बसून मला सांगतात आणि मी बोलते. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून मी जागेला हाक मारते. "कोकबेल, कोकबेल, घरून बोलतेय."

"म्हाताऱ्याला सांग, लोकरीचे मोजे गाठोड्यात तळाला आहेत. सापडले नसतील अजून. डोळ्यांदेखत वस्तू असली तरी दिसायची नाही त्याला."

"अता, मोजे गाठोड्यात तळाला आहेत."

"डोळ्यांचंही सांग."

"एने म्हणतात, नीट शोधा."

"असं कुठं म्हणाले मी?"

मग आजच्या बातम्या. लाल गाय दूध कमी देते. बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळले, पहिला घाणा करपला. परसातल्या पायरीवर पुन्हा बर्फ गोठला आणि मी घसरले. मी बोलत असते तेव्हा एने हातातलं काम थांबवून ऐकतात. दिवसभर त्या माझ्यासोबत असतात, करपलेला घाणाही त्यांनीच काढला होता, तरी असं ऐकतात की जणू हे सगळं दुसऱ्या कुठल्या घरात घडलंय.

शेवटी दुकानवाल्या तोतूया एजे, म्हणजे तोतूयाताई, मध्ये घुसल्या. "कानिशाय, गाईला कोमट पाणी पाज. आणि सासूला म्हणावं, माझी चाळणी परत कर."

एने म्हणाल्या, "बघ. म्हणून बोलत नाही मी."

१८ डिसेंबर

हिवाळ्याच्या मांसासाठी घोडा कापला. शेजारीपाजारी जेवायला होते. मांस उकळायला लागलं आणि चरबीचा वास घरभर झाला तशी मला परसात पळावं लागलं. पोटात काही राहिलं नाही. चुलीचा धूर कोंडतोय, नळी साफ करायला हवी. चार वर्षं याच वासात काढली, असं कधी झालं नव्हतं.

सगळ्यांना मानाप्रमाणे हाडं वाटून झाली. अतांच्या वाट्याचं खुब्याचं हाड एनेंनी कापडात गुंडाळून थंड खोलीत टांगून ठेवलं.

संध्याकाळी अतांना सगळं सांगितलं. दुसरं काही सुचेना तेव्हा माझ्या ओकाऱ्यांचंही सांगितलं, आणि हेही की भिंतीला नवीन माती सारवली आहे, तिचा वास इतका छान येतो की चाटावीशी वाटते. नवल म्हणजे आज मध्ये कुणीच बोललं नाही. वायरलेस नुसता खरखरत होता.

१९ डिसेंबर

तोतूया एजेंनी खारवलेल्या काकड्यांची बरणी पाठवली. फुकट. ही बाई काडेपेटीसुद्धा फुकट देत नाही. चाळणीचं वाईट वाटलं असेल.

बरणी मी दुपारपर्यंत संपवली. एने बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी म्हणाल्या असत्या, "पाहुण्यांना काय ठेवलंस?"

३१ डिसेंबर

एर्मेकचा फोन आला. त्याच्या मागे गोंगाट होता, दुसरी पोरं गात होती. माझ्याशी बोलताना त्याचा आवाज नेहमीसारखा खाली आला. म्हणाला, नारिनच्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं मनातून काढून टाक, मी वसंतात आलो की दुसरीकडे दाखवू. मी म्हटलं, मी कधीच काढून टाकलंय. त्या बाईंनी गेल्या उन्हाळ्यात स्पष्टच सांगितलं होतं की आशा धरू नका. मी धरत नाही. महिनाही मोजत नाही, तसाही तो कधी वेळेवर नव्हता. पण आज कोणी पाळण्याची गोष्ट काढली नाही याचं बरं वाटलं.

संध्याकाळी मी अतांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. बटन सोडलं तर तोतूया एजे बोलल्या, "कोकबेल, आमच्याही." मग नदीपलीकडचं घर बोललं. मग काडीर अक्साकाल, गावातले सगळ्यात वडीलधारे, खोकत खोकत दुआ म्हणाले. मग खालच्या वाडीतली माणसं, ज्यांचा आवाजही मी ओळखत नाही. एकेक घर बोलत गेलं. बाहेर अंधार पडत होता, डोंगर निळे पडले होते, आणि एवढी माणसं एका म्हाताऱ्याशी बोलत होती जो उत्तर देऊ शकत नाही. एने म्हणाल्या, "उगाच फुगेल आता तो." आणि डोळे पुसून वर म्हणाल्या, "धूर."

९ जानेवारी

आज दुपारी घळीतला बर्फ खाली आला.

मी नदीवर पाण्याला गेले होते. आधी काहीच ऐकू आलं नाही, फक्त कुत्री एकदम गप्प झाली. मग पायाखालचा बर्फ थरथरला, आणि मग तो आवाज. मी त्याचं वर्णन करू शकत नाही. कोकबेलच्या वाटेवरच्या घळीतून पांढरा लोट उठला आणि वर, आणखी वर गेला, अर्धं आकाश त्यात बुडालं. थोड्या वेळाने गावावर बारीक बर्फ पडायला लागला. वर आकाश निळं होतं, ऊन होतं, आणि तरी बर्फ पडत होता, चमकत. भीती वाटायच्या आधी मला ते सुंदर वाटलं. हे कुणाला सांगता येणार नाही.

घरी आले तर एने दारात उभ्या होत्या. केसांवर तो बर्फ. "घळ गेली," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी मी वायरलेस घेतला. काय बोलू कळेना. एने म्हणाल्या, "रोजचंच सांग. गाईचं सांग."

मी गाईचं सांगितलं.

११ जानेवारी

शार्शेन आणि गावातले काही पुरुष जाऊन आले. घळ तोंडापर्यंत भरली आहे. समोरच्या उतारावरचा बर्फ अजून लटकतोय, तोही केव्हाही येईल. काडीर अक्साकालांनी सांगितलं, तो खाली येईपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही, एकासाठी पाच घालवायचे नाहीत. तालुक्याला फोन केला, तिथूनही थांबा असंच सांगितलं.

अता त्या दिवशी कुठे होते हाच प्रश्न आहे. कोकबेलचं घर घळीच्या वर आहे, तिथवर बर्फ पोचणार नाही. पण दुपारी ते घोड्यांना पाण्यावर आणतात, आणि पाणी घळीच्या तोंडाशी आहे. हे शार्शेन सांगत होता, आणि सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की एने ऐकतायत.

"दाढ दुखली नसती तर मी असतो वर," तो म्हणाला.

"मग दोघांची काळजी करावी लागली असती," एने म्हणाल्या. "खा गुपचूप."

१६ जानेवारी

रोज बोलते आहे. आज मला कसंतरीच झालं. आधी वाटायचं, पलीकडे उशी आहे, चहाची वाटी आहे, हसणारे अता आहेत. आता बटन दाबलं की पुढे काहीच दिसत नाही. बोक्याने उंदीर मारला हे मी कुणाला सांगतेय?

एनेंना म्हटलं, "एने, समजा त्यांची बॅटरीच संपली असेल तर?"

"छपरावर काच आहे ना उन्हाची, तीच भरते बॅटरी."

"काचेवर बर्फ असेल तर?"

"तर झाडेल. हात मोडलेत का त्याचे?" आणि मग हळूच म्हणाल्या, "पोरी, तू बोलत राहा. माझ्यासाठी बोल हवं तर."

त्यांनी माझ्याकडे असं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी बोलले. बोक्याचं, उंदराचं, पायरीचं, एर्मेकच्या पगाराला उशीर झाला त्याचं. कधी नव्हे इतकी बोलले.

२१ जानेवारी

एने माझ्यावर नाराज आहेत. सकाळी बादली उचलली तर हातातून काढून घेतली आणि स्वतः नदीवर गेल्या, त्या गुडघ्यांनी. गोवऱ्यांची टोपलीही उचलू देत नाहीत. गाईचं दूध काढायलाही स्वतःच बसतात. माझ्याकडून काहीतरी चुकलंय, किंवा मी आजकाल दुपारी झोपते ते त्यांना खटकतंय. मलाही खटकतं, पण बसल्या जागी डोळे मिटतात. काळजीनं माणूस थकतं.

वर त्या मला आंबट वाळवलेले जर्दाळू देतात, स्वतःच्या पेटीतले, ज्यांना एर्मेकलाही हात लावायची परवानगी नाही. रागही आणि जर्दाळूही. ही बाई मला चार वर्षांत कळली नाही.

२८ जानेवारी

माणसं फार चांगली वागतायत. कोणी ना कोणी रोज येतं. बायका भाकरी आणतात. पुरुष आत येताना हळू चालतात. अतांच्या जुन्या गोष्टी निघतात, त्यांनी वादळात कुणाचं शिंगरू पाठीवर आणलं होतं, कुणाच्या लग्नात घोडा दिला होता. ऐकून मला बरं वाटतं, पण एनेंच्या कपाळावरची आठी जात नाही.

आज काडीर अक्साकाल चहा पिता पिता म्हणाले, "तुमच्या राखाडी, लोकरीच्या नमद्याच्या तंबूची लाकडं ठीक आहेत ना? उन्हाळ्यानंतर पाहिली का?"

मला वाटलं त्यांना कुणाच्या कार्याला तंबू हवा असेल. मी सांगणार होते की लाकडं धडधाकट आहेत, पण एनेंनी वाटी अशी ठेवली की चहा सांडला.

"कुणाचं मयत झालंय म्हणून माझ्या अंगणात तंबू उभारताय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरातला माणूस गेला की अंगणात तोच तंबू उभा करतात, त्यात त्याला ठेवतात. ही सगळी माणसं इतके दिवस घरी का येत होती आणि हळू का चालत होती ते कळलं, आणि मला हुंदका आवरेना. सगळ्या गावाला ठाऊक होतं, मीच तेवढी भाकऱ्यांबद्दल आभार मानत बसले होते.

काडीर अक्साकाल एनेंना नावाने म्हणाले, "बुरुल, मी वाईट बोललो नाही. विचारायची पद्धत असते."

"मग विचारून झालं," एने म्हणाल्या.

३ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी काडीर अक्साकाल, शार्शेन आणि आणखी दोघे वडीलधारे आले. तोतूया एजेही होत्या. सगळे बसले. काडीर अक्साकालांनी आधी देवाचं नाव घेतलं, मग म्हणाले, "एर्मेकला बोलावून घ्यायला हवं. वसंतात घळ मोकळी होईल तेव्हा होईल, पण जनाज्याची नमाज आपण आता पढू. आणि सूनबाई, वायरलेस आता बंद कर. गेलेल्या माणसाला रोज हाका मारू नयेत, त्याला जाता येत नाही."

ते प्रेमानं बोलत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. अतांचे ते लहानपणापासूनचे मित्र. मी एनेंकडे पाहिलं. मला वाटलं त्या ओरडतील, वाटी फेकतील. त्या उठल्या, शांतपणे माझ्याजवळ आल्या आणि माझ्या हातातून वायरलेस घेतला. कुठलं बटन दाबायचं ते त्यांना माहीत होतं. रोज बघत होत्या ना.

"अहो," त्या म्हणाल्या.

मी एनेंच्या तोंडून असा आवाज कधी ऐकला नव्हता, तरुण बाईसारखा.

"अहो, मी बोलतेय. सुयुंचू! ऐकलंत का? सुयुंचू. चांगली बातमी आणली आहे, आणणाऱ्याला बक्षीस द्यावं लागतं हे विसरू नका. आधी बक्षीस काढायला लावलं असतं, पण तुमचं बटन मोडलंय, म्हणून आधी सांगते. एर्मेकच्या घरी पाळणा हलणार आहे. आपल्या घरी. उन्हाळ्याच्या शेवटी."

मी मागे वळून पाहिलं, कोणाचं बोलतायत म्हणून. मागे भिंत होती.

"तीन महिने होत आले," एने बोलतच होत्या. "मी कुणाला बोलले नाही. नजर लागते, अजून काही दिवस बोलायचं नसतं. तुम्हाला म्हणून सांगितलं. आता सगळ्या खोऱ्यानं ऐकलंय, लागू दे कुणाची लागायची ती नजर. इथे माझ्यासमोर तुमचे मित्र बसलेत, ते म्हणतात तुम्ही नाही. मी त्यांना काही म्हणत नाही. मी तुम्हाला म्हणतेय. नातवाचे पहिले केस कापायला आजोबा लागतो. बाकी सगळं मी एकटीनं निभावेन, ते नाही."

त्यांनी बटन सोडलं. वायरलेस खरखरला. काडीर अक्साकालांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग नमाजेबद्दल कुणी काही बोललं नाही.

मी तोतूया एजेंना विचारलं, "एजे, हे खरंय?"

"अगं बाई, आम्हाला सगळ्यांना डिसेंबरातच कळलं. तूच नाही का सगळ्या खोऱ्याला सांगितलंस, चरबीचा वास आणि माती? मी काय उगाच काकड्या पाठवल्या?"

४ फेब्रुवारी

गावातली नर्स येऊन गेली. खरं आहे.

दुसरं काही लिहिता येत नाही. सकाळपासून मी पोटावर हात ठेवून फिरते आहे. माझ्या आत कुणीतरी आहे आणि त्याने बर्फाचा तो आवाज माझ्यासोबत ऐकला, आणि मला माहीतच नव्हतं. एर्मेकला फोन केला. त्याने दोनदा विचारलं, खरं ना म्हणून. मग म्हणाला, "एनेंनी वायरलेसवर सांगितलं? आपल्या एनेंनी?" आणि रडायला लागला.

बादली आणि जर्दाळूबद्दल मी एनेंच्या गळ्यात पडले. त्या म्हणाल्या, "हट, पोट दाबशील."

८ फेब्रुवारी

काही नाही. आकाश स्वच्छ, दिवसा ऊन, आणि सकाळी बर्फ असा कडक की वर चाललं तरी पाय रुतत नाही. समोरच्या उतारावरचा बर्फ काल सकाळी खाली आला, थोडाच. काडीर अक्साकाल म्हणतात, आणखी थोडे दिवस बसू द्या.

संध्याकाळी बोलले. आता एने काही सांगत नाहीत, नुसत्या ऐकतात. त्यांनी सगळ्यांत मोठी गोष्ट सांगून टाकली, आता त्यांच्याकडे काही शिल्लक नाही असं वाटतं. त्या खूप म्हाताऱ्या दिसतात. नमाज तेव्हाच पढायला हवी होती का, असं आज माझ्याही मनात आलं. लिहिते, कारण खरं आहे.

१३ फेब्रुवारी

सकाळी मी दुधाचं भांडं घेऊन दारात आले. कुत्री भुंकत नव्हती, शेपटी हलवत होती. नदीवरून, गोठलेल्या पात्रावरून, काहीतरी येत होतं. ऊन नुकतंच डोंगरावरून उतरलं होतं, बर्फ इतका लखलखत होता की मला नीट दिसेना. एक घोडा. एकटा. खोगीर नाही, माणूस नाही. सावकाश, पाय टेकवून बघत, मग पुढचा पाय.

मालकाशिवाय घोडा येतो तेव्हा काय समजायचं असतं हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे. मी हाक मारली, "एने!" आणि एने बाहेर आल्या, डोक्याला रुमाल न बांधता.

ती अतांची करडी घोडी होती. आमच्याच परसात जन्मली, सोडली की डोळे झाकून घरी येते. त्यांच्या स्वतःच्या बसण्याची, ती त्यांनी एर्मेकलाही कधी दिली नाही, कुणी किंमत विचारली तरी त्यांना राग यायचा. पोटापर्यंत गोठलेला बर्फ लटकत होता. फाटकाशी येऊन उभी राहिली आणि नाकातून वाफ सोडली.

तिच्या गळ्यात अतांचा कमरेचा पट्टा बांधला होता. लाल लोकरीचा, एनेंनी विणलेला. नीट दुहेरी गाठ मारून, समोर गोंडा सोडून. बक्षिसाच्या घोड्याच्या गळ्यात बांधतात तसा.

एने हलल्या नाहीत. शेजारची माणसं धावत आली, काडीर अक्साकाल काठी टेकत आले, तोतूया एजे दुकान उघडं टाकून आल्या. सगळ्यांनी तो पट्टा पाहिला आणि कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. बातमी आणणारीला बक्षीस पोचलं होतं. शार्शेन बर्फात गुडघ्यांवर बसला आणि हसायलाच लागला. काडीर अक्साकाल पुन्हा पुन्हा "ऐकलं त्यानं, ऐकलं त्यानं" म्हणत होते. मी आयुष्यात खूप बर्फ पाहिला, खूप डोंगर पाहिले, पण त्या घोडीच्या गळ्यातल्या गाठीएवढं मोठं मी काही पाहिलेलं नाही.

एनेंनी पुढे होऊन गाठ सोडली. पट्टा नाकाशी धरला. मग मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आणि स्वतः वर या थंडीत कमर उघडी टाकून बसलाय! अक्कल म्हणून नाही." आणि तोंडावर पट्टा दाबून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

अता बाकीचे घोडे सोडून खाली येणार नाहीत, म्हणून शार्शेन उद्या पहाटे घोडीच्या पावलांचा माग काढत वर जाणार आहे. जिथून घोडी आली तिथून माणूस जातो. गाठोडं मी बांधलं. चहा, साखर, औषधं, आणि थंड खोलीत टांगलेलं ते खुब्याचं हाड. नवा वायरलेस द्यायचा की नाही यावर एने विचार करतायत.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज वायरलेस माझ्या हाती आलाच नाही.

एने चुलीशी बसल्या, बटन दाबलं आणि म्हणाल्या, "अहो, पोचली." मग म्हणाल्या, "पाय ठीक आहेत तिचे. डाव्या मागच्या खुराला थोडी चीर आहे, चरबी लावली." मग एकेक सांगत गेल्या. लाल गाय आता बरं दूध देते. कानिशायचं पोट अजून दिसत नाही, पण आरशात दहादा बघते. काडीर आज दोन वाट्या चहा जास्त प्यायला, लाज वाटत असेल. तोतूयाची चाळणी परत केली. पट्टा धुवून वाळत घातलाय, शार्शेनबरोबर पाठवते, बांधा तो. मोजे गाठोड्यात तळाला.

मग सांगायचं संपलं. मी हात पुढे केला, पण एनेंनी बटन सोडलं नाही. बटन दाबलेलं असेपर्यंत खोऱ्यात दुसऱ्या कुणालाही बोलता येत नाही. त्या नुसत्या बसल्या, वायरलेस तोंडाशी धरून, काही न बोलता. चूल कडकडत होती. बाहेर घोडी गवत चावत होती. काडीर अक्साकाल, तोतूया एजे, नदीपलीकडचं घर, खालच्या वाडीतली ती माणसं, सगळी आपापल्या घरी आमच्या घराचा आवाज ऐकत होती, आणि वर ते ऐकत होते.

मी बाजूला ठेवलेली कणीक पुन्हा मळायला घेतली, थोडी आपटून, म्हणजे तीही ऐकू जाईल.